उसना पुनर्जन्म

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने एके दिवशी आपले चालू आयुष्य आहे तिथे ठेवावे आणि दुसरे सुरू करावे, या कल्पनेचा कादंबरीकारांना फार जुना मोह आहे. तरुणाच्या गृहत्यागात साहस असते, पण गमावण्यासारखे फारसे काही नसते. वृद्धाच्या गृहत्यागाला आपल्याकडे वानप्रस्थाची प्रतिष्ठा आहे. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचे जाणे मात्र कोणत्याच चौकटीत बसत नाही. त्याच्यामागे वीस-पंचवीस वर्षांचा संसार असतो, नोकरी असते, हाडीमासी खिळलेल्या सवयी असतात, विसंबून असलेली माणसे असतात; आणि पुढे उरलेली वर्षे मोजकी असतात. म्हणूनच या विषयावरची कादंबरी हाती घेताना वाचकाची एक रास्त अपेक्षा असते. या माणसाला काय गवसले हे लेखकाने सांगावेच, पण त्याचे मोल किती पडले आणि ते कोणी चुकवले, हेही सांगावे.

पास्काल मर्सिए या स्विस लेखकाची 2004 साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेली आणि 2008 मध्ये ‘नाइट ट्रेन टू लिस्बन’ या नावाने इंग्रजीत आलेली कादंबरी ही अपेक्षा पहिल्या चाळीसेक पानांत विलक्षण ताकदीने जागी करते आणि पुढच्या सुमारे चारशे पानांत ती हळूहळू विझवून टाकते. लाखो प्रती खपलेल्या, अनेक भाषांत गेलेल्या आणि 2013 मध्ये जेरेमी आयर्न्ससारख्या नटाला घेऊन पडद्यावरही आलेल्या या कादंबरीविषयी असे म्हणणे पुष्कळांना अरसिकपणाचे वाटेल. परंतु चांगल्या आरंभाचा अपेक्षाभंग हा वाईट आरंभाच्या अपेक्षाभंगापेक्षा अधिक बोलण्याजोगा असतो, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम त्या आरंभाचे देणे देऊन टाकू. राइमुंड ग्रेगोरिउस हा बर्न शहरातल्या एका शाळेत लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवणारा सत्तावन्न वर्षांचा शिक्षक. ज्या शाळेत तो शिकला त्याच शाळेत त्याने आयुष्य काढले आहे. जाड भिंगांचा चष्मा, आंधळे होण्याची धास्ती, रात्री झोप नाही म्हणून बुद्धिबळाचे डाव आणि प्राचीन ग्रंथ, असा त्याचा दिनक्रम. विद्यार्थी त्याला ‘मुंडुस’ म्हणतात, म्हणजे ‘जग’. पण हे जग घर, पूल आणि शाळा एवढ्यातच सामावलेले आहे. एका पावसाळी सकाळी त्या पुलावर त्याला एक बाई दिसते. हातातले पत्र चुरगाळून ती कठड्यावरून उडी टाकणार असे त्याला वाटते. तो धावतो. ती त्याच्या कपाळावर शाईच्या जाड पेनाने एक दूरध्वनी क्रमांक लिहिते. तुझी मातृभाषा कोणती, या प्रश्नाला ती एका शब्दाचे उत्तर देते: ‘पोर्तुगीज’. त्या शब्दाच्या उच्चाराने भारावलेला हा भाषापंडित त्याच दिवशी चालू तासातून, मेजावरची पुस्तके तशीच ठेवून, उठून निघून जातो. एका स्पॅनिश पुस्तकांच्या दुकानात त्याला आमादेउ द प्रादो नावाच्या अज्ञात पोर्तुगीज डॉक्टरचे चिंतनपर पुस्तक सापडते, आणि तो लिस्बनची गाडी पकडतो.

हा सगळा भाग अस्सल आहे. तिशीतला माणूस नोकरी सोडताना दार आपटतो. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस दार हळूच ओढून घेतो आणि आपण खरेच बाहेर पडलो का, हे पुन्हा पुन्हा तपासतो. ग्रेगोरिउसची ही धाकधूक मर्सिए यांनी अचूक पकडली आहे. लिस्बनमध्ये धक्का लागून त्याचा जुना चष्मा फुटतो आणि मारियाना एसा ही नेत्रतज्ज्ञ त्याला नवा, हलका चष्मा देते. त्यातून जग इतके स्पष्ट दिसते की ते अंगावर आल्यासारखे वाटून तो पुन्हा जुन्या चष्म्याकडे वळतो. उतारवयातील बदलाविषयी या एका प्रसंगाने जे सांगितले आहे ते पुढच्या सगळ्या तत्त्वचिंतनाने सांगितलेले नाही. स्पष्ट दिसू लागणे हे सुखाचे असतेच असे नाही, आणि सवयीचा अंधूकपणा ही काही केवळ भीरुता नसते.

मग बिनसते कुठे? पहिली गोष्ट म्हणजे लेखकाने आपल्या नायकाची वाट आधीच झाडून ठेवली आहे. ग्रेगोरिउस घटस्फोटित आहे. घटस्फोटालाही बरीच वर्षे लोटली आहेत, त्यामुळे ती जखमही भरून आलेली आहे. त्याला मूल नाही. त्याच्यावर कोणी अवलंबून नाही. पैशाची विवंचना त्याला फारशी कुठे गाठत नाही. मित्र म्हणावा असा एक ग्रीक नेत्रवैद्य आहे, तो मध्यरात्रीही दूरध्वनी उचलतो. ज्यांना तासाच्या मध्येच सोडून तो गेला त्या विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी तर रागावण्याऐवजी त्याला परदेशी मदतच करते. सोडून जाण्याजोगे काही नसलेल्या माणसाने सोडून जाण्यात नाट्य कसले? गळ्यात जू नसलेल्या बैलाने कुंपण ओलांडले तर त्याला आपण बंड म्हणत नाही.

या संदर्भात अ‍ॅन टायलर यांची 1995 मधली ‘लॅडर ऑफ इयर्स’ आठवते. चाळिशीची, तीन मुलांची आई असलेली डेलिया समुद्रकिनाऱ्यावर सहलीला गेली असताना, अंगावरच्या पोहण्याच्या पोशाखानिशी चालत निघते आणि परत जात नाही. एका अनोळखी गावात ती खोली घेते, वकिलाकडे टंकलेखनाचे काम धरते. ही कादंबरी काही तत्त्वचिंतनाचा आव आणत नाही. परंतु डेलियाच्या प्रत्येक दिवसामागे बाल्टिमोरमधले ते घर उभे असते. तिची मुले, तिचा नवरा, तिची बहीण हे सगळे तिला शोधतात, जाब विचारतात, किंवा विचारीत नाहीत, आणि न विचारणे अधिक बोचते. तिचे नवे आयुष्यही हळूहळू स्वयंपाक आणि दुसऱ्याच्या मुलाची देखभाल यांकडेच वळते. आपण जे सोडले तेच पुन्हा उभे करतो आहोत, हे तिला उमगण्याआधी वाचकाला उमगते. टायलर यांनी प्रश्न लहान ठेवला आणि त्याची किंमत पैन्‌पै मोजली. मर्सिए यांनी प्रश्न विश्वाएवढा केला आणि बिल मागवलेच नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. लिस्बनला पोहोचल्यावर ग्रेगोरिउस स्वतःचे आयुष्य सुरू करीतच नाही. तो प्रादोचे आयुष्य शोधू लागतो. प्रादो 1973 मध्ये वारला आहे; त्याचे पुस्तक त्याच्या मागे बहिणीने, आद्रियानाने, छापून घेतले आहे. ग्रेगोरिउस तिला भेटतो, प्रादोच्या जुन्या शिक्षकाला भेटतो, त्याच्या मित्राला, त्याने जिच्यावर प्रेम केले तिला आणि जिच्यापाशी तो मन मोकळे करी तिलाही भेटतो. प्रत्येक जण दार उघडतो, चहा-कॉफी देतो आणि तीस-चाळीस वर्षे मनात जपलेले रहस्य या मोडकीतोडकी पोर्तुगीज बोलणाऱ्या अनोळखी परदेशी माणसापुढे ओततो. ग्रेगोरिउस ऐकतो, वाचतो, भाषांतर करतो. म्हणजे बर्नमध्ये तो जे करीत होता तेच. होमरच्या जागी प्रादो आला, एवढाच फरक.

इथे मराठी वाचकाला ययातीची आठवण होणे अपरिहार्य आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला ययाती पुत्राचे, पुरूचे, तारुण्य मागून घेतो. पुन्हा सुरुवात करण्याची ही आपल्याकडची मूळ कथा. आणि ती पहिल्याच क्षणी सांगून टाकते की दुसरे आयुष्य फुकट मिळत नसते, ते कोणाच्या तरी आयुष्यातून कापून घ्यावे लागते. वि. स. खांडेकर यांच्या 1959 मधील कादंबरीत अलंकारिकता पुष्कळ आहे, बोधवादही आहे, आणि त्याबद्दल तिच्यावर भरपूर टीका झालेली आहे. परंतु खांडेकरांनी एक गोष्ट केली जी मर्सिए यांना सुचली नाही. त्यांनी निवेदन एकट्या ययातीच्या हाती ठेवले नाही. देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही बोलू दिले. ययातीच्या लालसेची झळ ज्यांना लागली त्यांना त्या कादंबरीत आवाज आहे. गिरीश कार्नाड यांनी आपल्या ‘ययाती’ या पहिल्या नाटकात हा हिशेब आणखी पुढे नेला आणि पुरूच्या नवपरिणीत पत्नीला, चित्रलेखेला, सासऱ्यासमोर उभे केले. तिने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर नाही, म्हणूनच ते नाटक टिकले. ग्रेगोरिउस हाही ययातीच आहे. मृत डॉक्टरचे आयुष्य त्याने उसने घेतले आहे. पण पुरू थडग्यात असल्याने तो तक्रार करीत नाही, आणि लेखकही त्याच्या वतीने ती करीत नाही.

तिसरी गोष्ट प्रादोच्या त्या पुस्तकाची. कादंबरीभर त्याचे उतारेच्या उतारे येतात: एकाकीपणा, मृत्यू, श्रद्धा, शब्द, न जगलेल्या शक्यता यांवरचे. प्रत्येक उताऱ्यानंतर ग्रेगोरिउस थरारून जातो. वाचकाने थरारावे अशी अपेक्षा आहे हे उघडच दिसते, आणि तिथेच गडबड होते. कथेतल्या कवीची कविता छापायची तर ती खरोखरच मोठी असावी लागते. नुसते ‘ती मोठी होती’ असे सांगून भागत नाही. प्रादोची वाक्ये गोलाईदार, उदात्त आणि बहुधा बरोबर आहेत. परंतु ती एखाद्या विशिष्ट माणसाच्या विशिष्ट दिवसातून उगवलेली वाटत नाहीत; व्याख्यानाच्या टाचणांतून उचललेली वाटतात. कादंबरीच्या आरंभी मर्सिए यांनी फेर्नांदु पेसोआचे अवतरण दिले आहे, आणि ते त्यांनी द्यायला नको होते. पेसोआचा बर्नार्दो सोआरेस हाही लिस्बनचाच. एका कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहिणारा हा साधा कारकून आपली गल्लीही सोडून जात नाही. त्याची टिपणे ‘बुक ऑफ डिस्क्वायट’ या नावाने पेसोआच्या मृत्यूनंतर तब्बल 47 वर्षांनी, 1982 मध्ये, पुस्तकरूपाने आली. त्यात कचेरीतला साहेब आहे, खिडकीतला पाऊस आहे, पोटातली मळमळ आहे. पुन्हा सुरुवात करण्याची आशा तिथे नाही. पण खोटी आशाही नाही. सोआरेसशेजारी ठेवले की प्रादोचे सोने पितळेसारखे वाजते.

याला जोडूनच भाषेचा मुद्दा येतो, आणि तो मला सर्वांत अधिक खटकतो, कारण इथे मर्सिए यांच्या हाती खरोखरच सोन्याची खाण होती. तीन प्राचीन भाषा कोळून प्यालेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षी एक जिवंत भाषा पहिल्या इयत्तेपासून शिकतो, यापेक्षा पुन्हा सुरुवात करण्याचे नेमके रूप दुसरे कोणते असणार? पंडिताने बोबडे बोलायचे, दुकानदाराने हसायचे, पाठ केलेले क्रियापद ऐन वेळी जिभेवर यायचे नाही. ज्याच्या हातून लॅटिनच्या वहीत चूक सुटत नसे त्याने स्वतः रोज शंभर चुका करायच्या. हा अपमान, हा विनय, हा विनोद यांतून एक थोर कादंबरी उभी राहिली असती. प्रत्यक्षात काय होते? काही ध्वनिमुद्रिका आणि एक व्याकरण एवढ्या सामग्रीवर ग्रेगोरिउस प्रादोचे गहन गद्य उलगडू लागतो आणि थोड्याच दिवसांत वृद्धांशी मृत्यू व विश्वासघात यांवर बोलू लागतो. जिथे दुसऱ्याची भाषा त्याला समजत नाही तिथे त्याचे जर्मन, फ्रेंच किंवा इंग्रजी समजणारे कोणी तरी हजर असते. अडखळणे हा ज्या कथेचा प्राण, ती कथा अडखळत नाही.

चौथा मुद्दा इतिहासाचा. प्रादो हा सालाझारच्या हुकूमशाहीतला डॉक्टर. दारात आणलेल्या गुप्त पोलिसांच्या क्रूर अधिकाऱ्याचा तो वैद्यकाचा धर्म म्हणून जीव वाचवतो. त्यामुळे लोक त्याच्यावर थुंकतात आणि त्या अपराधी भावनेतून तो भूमिगत चळवळीत ओढला जातो. जोआंव एसा हा त्याचा चळवळीतला सहकारी. छळाने त्याचे हात कायमचे अधू झालेले आहेत. या व्यक्तिरेखेत ताकद आहे, आणि ग्रेगोरिउस त्याच्याशी मुकाट्याने बुद्धिबळ खेळतो ती पाने चांगली उतरली आहेत. परंतु एकंदरीत हा सगळा भयकाल एका स्विस शिक्षकाच्या अंतर्मुखतेची पार्श्वभूमी म्हणून वापरला गेला आहे, असेच वाटत राहते. चळवळ म्हणजे नेमके काय, पत्रके कोण छापत असे, कारखान्यांत आणि आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धांत काय घडत होते, याचा पत्ता नाही. आहे तो प्रेमाचा त्रिकोण.

हे आपल्याला अधिक जाणवण्यास कारण आहे. ती राजवट मराठी माणसाला परकी नाही. डिसेंबर 1961 पर्यंत गोवा तिच्याच टाचेखाली होता. 1955 मध्ये पकडले गेलेले सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात होते. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे ते तिथेच राहिले आणि 1969 च्या जानेवारीत सुटले. म्हणजे कादंबरीतला प्रादो ज्या काळात लिस्बनमध्ये आत्मचिंतन लिहीत आहे, त्याच काळात त्या शहराच्या वेशीवर आपला एक माणूस कोठडीत दिवस मोजत होता. तिशीच्या आतबाहेरची, माणसाच्या उमेदीची वर्षे त्यांनी तिथे काढली, आणि सुटल्यावर गोव्यात परत येऊन पुन्हा आयुष्य उभारले. ‘सतीचे वाण’ हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना पुन्हा सुरुवात करणे या शब्दांचे वजन वेगळे सांगायला नको. लिस्बनची गाडी पकडणे ही ज्यांना चैन होती आणि लिस्बनला नेले जाणे ही ज्यांची शिक्षा होती, त्या दोघांना एकाच कादंबरीत जागा देता आली असती. मर्सिए यांनी पहिल्यालाच खिडकीची जागा दिली.

आता थोडे लेखकाविषयी. पास्काल मर्सिए हे टोपणनाव. 1944 मध्ये बर्नमध्ये जन्मलेले आणि 2023 मध्ये बर्लिनमध्ये निधन पावलेले पेटर बिएरी हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. 2001 मध्ये त्यांनी मानवी इच्छास्वातंत्र्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकातच स्वातंत्र्याला ‘कारागिरी’ म्हटले आहे. स्वातंत्र्य ही जन्मजात मिळालेली किंवा एका उडीत साधणारी वस्तू नाही. आपली इच्छा शब्दांत मांडणे, ती समजून घेणे, तिची पारख करणे आणि मग ती आपलीशी करणे, अशा चिकाटीच्या कामातून ते घडते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश. किती शहाणा आणि किती गद्य विचार! आणि तीनच वर्षांनी याच विचारवंताने कपाळावर लिहिलेल्या आकड्यांनी आयुष्य पालटणारी कादंबरी लिहावी! कारागीर दिवसेंदिवस लाकूड तासतो. ग्रेगोरिउसचे लाकूड मात्र आयतेच तासलेले मिळते. 2020 मधल्या ‘दास गेविश्ट देर वोर्टे’ या त्यांच्या कादंबरीतही तोच घाट आहे. साठी उलटलेला एक भाषांतरकार आजाराचे चुकीचे निदान ऐकून आपली प्रकाशनसंस्था विकतो. निदान खोटे ठरते. आणि लंडनमध्ये वारसाहक्काने आलेल्या घरात नवे आयुष्य सुरू होते. पुन्हा शब्दांवर प्रेम करणारा सुसंस्कृत पुरुष, पुन्हा एक दैवी धक्का, पुन्हा पुरेसा पैसा. तत्त्वज्ञ बिएरींना जे ठाऊक होते ते कादंबरीकार मर्सिएंनी मनावर घेतले नाही.

तरीही ही कादंबरी इतक्यांना का भावली? मला वाटते, ती वाचणारा वर्ग आणि तिचा नायक एकाच जातीचे आहेत. आयुष्य पुस्तकांच्या सोबतीने काढलेल्या माणसाला उतारवयात एक शंका छळते: आपण वाचलेच फक्त, जगलो नाही. ही कादंबरी त्याला सांगते की काळजी नको, आणखी एक पुस्तक वाच, तेच जगणे आहे. हा दिलासा गोड आहे आणि म्हणूनच फसवा आहे. ज्या घरात म्हातारी आई आहे, ज्याच्या मुलाचे शिक्षण व्हायचे आहे, ज्या बाईने पंचवीस वर्षे इतरांच्या वेळा सांभाळल्या आणि आता स्वतःची एक सकाळ मागते आहे, त्यांना ही शंका खरीच छळत असते, आणि त्यांच्यासाठी या साडेचारशे पानांत एक ओळही नाही. त्यांची पुन्हा सुरुवात पुलावरच्या अनोळखी स्त्रीच्या कृपेने होणार नाही. ती घरातल्याच कोणाशी तरी केलेल्या अवघड बोलण्याने होईल, आणि त्या बोलण्यात दुसराही बोलेल.

शेवटी ग्रेगोरिउस चक्कर येण्याच्या विकाराने हैराण होऊन बर्नला परततो आणि तपासणीसाठी इस्पितळात दाखल होतो. तिथेच कादंबरी थांबते. हा शेवट खुला आहे म्हणून त्याची स्तुती होते. मला तो सुटकेचा वाटतो. आजाराचा पडदा पाडला की उद्या सकाळी उठून या माणसाने काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही. शाळेत परत जायचे का? ज्या वर्गातून उठून गेलो त्या वर्गाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? नव्या चष्म्यातून जुना पूल कसा दिसेल? पुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसाची खरी कथा गाडी सुटते तेव्हा सुरू होत नाही, आणि गाडी परत येते तेव्हा संपतही नाही. ती परतल्यावरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते. मर्सिए यांची कादंबरी त्या सोमवारच्या उंबरठ्यापर्यंत आपल्याला आणते आणि दार लावून घेते.